बटण दाबायच्या आधी

कारखान्यात त्यांना सगळे दशांशराव म्हणत. कुणी आकडा सांगितला की “अजून एक दशांश पुढे बघू” म्हणायची त्यांना खोड. तोंडावर मात्र सगळ्यांचे ते काका. नोकरीला लागले ते नकाशांच्या प्रती काढायला. मग संध्याकाळचे वर्ग करून, पोरं झोपल्यावर पुस्तकात डोकं घालून पदविका पदरात पाडून घेतली आणि यंत्रांच्या थरथरीचं गणित हा त्यांचा प्रांत झाला. यंत्र कसं असावं ते दुसरे ठरवत. चालू झाल्यावर ते किती हलेल, एवढं दशांशराव कागदावर सांगत.

निवृत्ती तोंडावर आली तेव्हा पहिल्यांदाच एक यंत्र सबंध त्यांच्या डोक्यातून उतरलं. पावडर चाळायची चाळण. तिला मोटर नाही, पट्टा नाही. पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांवर जाळीचा ट्रे, आणि शेजारी विजेचा चुंबक. बटण दाबलं की चुंबक ठरावीक तालात ट्रेला ओढणार आणि ट्रे झुलत राहणार. ट्रे आणि बाहेरची चौकट यांच्यात बोटभर जागा होती. ट्रेची झेप त्या जागेच्या निम्म्याहून थोडी जास्त, म्हणजे कुठे लागायचा प्रश्नच नाही. निदान कागद तरी तसं म्हणत होता.

चाळण कागदाला भीक घालत नव्हती. बटण दाबलं की क्षणभर नीट हले, मग टण टण टण चौकटीवर आपटे, आणि थोड्या वेळाने जणू काही झालंच नाही अशी शांत झुलत राही. त्या शांतपणात मोजलं तर झेप दशांशरावांच्या आकड्याशी तंतोतंत जुळे. त्यांना जास्त संताप याचाच यायचा.

“काका, शुक्रवारपर्यंत हा आवाज बंद झाला नाही, तर मी आपली जुनी मोटरवाली चाळण पाठवणार,” साहेब म्हणाले. साहेब वयाने त्यांच्या थोरल्या मुलाएवढे. पण त्यांचं तरी काय चुकलं? गिऱ्हाईक किती दिवस थांबणार?

दशांशरावांनी ट्रे पुन्हा वजन केला, स्प्रिंगा पुन्हा तपासल्या. फिटरला विचारलं, “पट्ट्या नीट आवळल्यास ना?”

“काका, आवळताना तुम्ही माझ्या खांद्यावरून बघत होतात. आता मलाच आवळायचं बाकी ठेवलंय.”

घरी जेवताना घास हातातच राहिला.

“अहो, तो घास तोंडात घाला,” बायको म्हणाली. “हातात झुलवताय कशाला?”

“गणित बरोबर आहे.”

“मग झालं तर.”

“झालं काय? गणित बरोबर आणि यंत्र चूक, असं होतं का कधी?”

“मला काय विचारता? तुमच्या त्या चाळणीलाच विचारा. लग्न झाल्यापासून माझा एवढा विचार केला असतात, तर मी सोन्याची झाले असते.”

ते रागाने ताटावरून उठले. भूक होतीच, म्हणून परत बसले.

गुरुवारी साहेबांना ट्रेच्या हालचालीचा आलेख हवा होता. दशांशरावांनी आकडे ड्रॉइंगच्या बाईंपुढे टाकले.

“काका, रेघ कुठून सुरू करू?”

“शून्यातून. हेही सांगायला हवं का?”

“पण तुमचा पहिला आकडा शून्य नाहीये. जवळजवळ टोकाला आहे.”

“मग टोकाला काढा!”

“काढते हो. पण मग बटण दाबायच्या आधी ट्रेला तिकडे कुणी ओढून धरलं होतं?”

दशांशरावांनी आकडे परत ओढून घेतले.

अशा यंत्राची हालचाल ही दोन हालचालींची बेरीज असते. एक चुंबकाच्या तालावरची, कायम टिकणारी. दुसरी ट्रेच्या स्वतःच्या तालावरची. ती सुरुवातीला जागी होते आणि घर्षणाने हळूहळू विरते. सुरुवातीला ट्रे स्तब्ध होता, म्हणून दशांशरावांनी एकट्या दुसरीतच शून्य घातलं. ती सबंध शून्य निघाली आणि त्यांनी तिच्यावर काट मारली. खरं तर शून्य घालायचं ते दोघींची बेरीज केल्यावर. पहिली टोकाशी असताना बेरीज शून्य यायची, तर दुसरी तेवढीच उलट्या बाजूला हवी. म्हणजे ती पहिलीएवढीच दांडगी होती. दोघींचे ताल किंचित वेगळे, त्यामुळे काही झोक्यांनी दोघी एकाच बाजूला यायच्या, झेप दुपटीजवळ जायची, आणि टण!

“गाढव!” ते ओरडले.

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “मला म्हणालात?”

“तुम्हाला नाही हो. नव्या पोरांना हेच शिकवून शिकवून घसा बसवलाय मी. बेरीज आधी, शून्य नंतर!”

आता कळलं, पण चौकट रुंद करायला वेळ कुठे होता? चुंबकाला एकदम पूर्ण जोर दिला म्हणून ती दुसरी बया एवढी उसळत होती. जोर हळूहळू चढवला तर? त्यांनी वायरमनकडून फिरवायचा रेग्युलेटर बसवून घेतला. शुक्रवारी सगळ्यांसमोर तो अगदी हळू फिरवला. ट्रे हलला, झुलला, झुलतच राहिला. चौकटीला शिवला नाही.

“एवढंच?” साहेब म्हणाले. “एका नॉबचं काम? मग इतके दिवस काय चाललं होतं काका?”

दशांशराव सांगू लागले, पण “दुसरी हालचाल” म्हणेपर्यंत साहेबांनी गिऱ्हाइकाला फोन लावला होता. “हो, नवीच चाळण पाठवतोय. काका, नॉब किती वेळात फिरवायचा? विचारतायत.”

हळूहळू चढणाऱ्या जोराचं गणित वेगळं. ते अजून त्यांनी मांडलंच नव्हतं.

“हळू म्हणजे हळू!” साहेबांसमोर त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला.

“सावकाश फिरवा, म्हणतायत आमचे काका,” साहेबांनी फोनवर सांगून टाकलं.

हमाल चाळण उचलू लागले. आपली स्प्रिंगांची चाळण वाचली, याचा आनंद मानायचं दशांशरावांना सुचलंच नाही. “अरे, ट्रे बांधा आधी! ट्रकमध्ये हलेल तो!” म्हणत ते कोपऱ्यातली दोरी उचलून त्यांच्यामागे धावले.