निळ्या पाण्यातलं मीठ

बाबा कपडे रंगवायचे. घाटंजीत, घरामागच्या पत्र्याखाली, एक मोठं पातेलं आणि दोन घमेली एवढ्यावर त्यांचा धंदा चालला. पोळ्याआधी बैलांच्या झुली, एरवी विटलेली लुगडी. पण त्यांचा जीव निळ्यात होता. चौदा एप्रिल आणि दसऱ्याआधी आमच्या वस्तीचे, आजूबाजूच्या गावांचे झेंडे तेच रंगवत. पूड यवतमाळहून सुटी यायची, साध्या पिशवीत. पिशवीवर नाव नसायचं आणि कोणी विचारायचंही नाही.

रंग कापडाला धरायचा तर उकळत्या पाण्यात मीठ लागतं. किती, ते बाबा जिभेनं ठरवत. आई वरणाची चव बघते तसं पळीतलं थेंबभर पाणी बोटावर घेऊन जिभेला लावत आणि म्हणत, "अजून मूठभर पायजे." त्या दिवसांत त्यांची जीभ निळी असायची. बायका चिडवायच्या, "भाऊ, झेंडा खाल्ला का काय?" बाबा खुशाल जीभ काढून दाखवायचे.

त्यांना दारू, बिडी, तंबाखू-सुपारीचा खर्रा, काही काही चालत नसे. पंचशील त्यांनी विहारात म्हणण्यापुरतं ठेवलं नव्हतं. आमच्याकडे खर्रा न खाणारा पुरुष म्हणजे नवलच. पानठेल्यावर टिंगल व्हायची, आणि बाबांना त्या टिंगलीचाच मोठा अभिमान होता.

लघवी लाल झाली तेव्हा ते लाल झुली रंगवत होते. "अंगातला रंग निघून राह्यला, निघू दे," म्हणाले. सहा महिने निघू दिला. मग नागपूर गाठलं. मूत्राशयाचा कॅन्सर.

डॉक्टरांनी मान वर न करता विचारलं, "किती वर्षं खर्रा खाता?"

"कधीच नाई खाल्ला, साहेब. तोंडात काईच टाकत नाई मी."

"सगळे असंच म्हणतात, काका," डॉक्टर हसले.

सोबत आलेल्या माझ्या काकानं ते हसू जसंच्या तसं गावात आणलं. "लपून खात असन," पानठेल्यावर ठरूनही गेलं. बाबांनी आजार सोसला, पण हे त्यांना सोसलं नाही. त्यांनी रस्त्यावर जाणंच बंद केलं. मला रोज म्हणायचे, "पोरी, तुले तरी खरं वाटते ना?"

पुढच्या खेपेला एका शिकाऊ डॉक्टरीणबाईनं मला विचारलं, तुझे बाबा काम काय करतात? एवढ्या दिवसांत हे विचारणारी ती पहिलीच. मी सगळं सांगितलं, मिठाचंही. तिचा चेहराच उतरला. अशा स्वस्त रंगांत पूर्वी बेन्झिडीन नावाचं विष असायचं, म्हणाली. ते पोटात गेलं तर पुष्कळ वर्षांनी मूत्राशयात असं उठतं. खात्रीनं नाही सांगता येणार, पण बहुतेक तेच.

मला आनंद झाला. होय, आनंदच. माझा बाप खोटारडा नव्हता. मी धावत बाबांच्या खाटेपाशी गेले. "बाबा, खर्रा नाई, रंगानं केलं हे. तुमी जिभेवर घेत होते ना, त्यानं. आता पानठेल्यावर जाऊन एकेकाले सांगीन मी."

बाबा कितीतरी वेळ आपली बोटं बघत राहिले. नखांच्या कडांना अजून निळं होतं.

"कोणाले सांगू नको," ते म्हणाले. "लोक म्हणतीन, निळ्यानं मारलं. तसं म्हणू देऊ नको. त्यापरीस खर्राच म्हणू दे."

मी भांडले, रडले. त्यांनी माझ्याकडून शब्द घेतलाच.

बाबा गेल्यावर पुण्यानुमोदनाच्या सभेला मांडव भरला होता. आमच्यातलेच एक पुढारी बोलायला उभे राहिले. भाऊ मनानं चांगले होते म्हणाले, मग आवाज चढवून तरुणांना सांगितलं, पण यांच्यापासून धडा घ्या, व्यसन सोडा. लोकांनी माना डोलावल्या. आई माझा हात घट्ट धरून बसली होती. पुढाऱ्यांच्या डोक्यावर बाबांनी रंगवलेला झेंडा होता, आणि त्याचा रंग जराही उतरला नव्हता.