चोवीस दिवे

कारागांदाजवळच्या त्या कोळशाच्या खाणीत कुल्याश एकतीस वर्षं दिवाघरात होती. खाली उतरणाऱ्याने खिडकीत आपला पितळी बिल्ला द्यायचा आणि तिच्याकडून डोक्याचा दिवा घ्यायचा. वर आला की दिवा परत, बिल्ला परत. दिव्याशिवाय खाली नेणाऱ्या पिंजऱ्यात पाऊल टाकायला कुणालाच परवानगी नव्हती. दिव्याची खुंटी रिकामी असेपर्यंत माणूस खाली, एवढं साधं गणित. सगळी खाण तिला आपा म्हणे, तिचा मुलगा झांदोससुद्धा. बाई तोंडाने फटकळ. पण थंडीत कुणाच्या मानेला मफलर नसला तर आधी शिव्या आणि मग स्वतःचा मफलर देणार.

वर्षापूर्वी वायूचा स्फोट झाला आणि अकरा खुंट्या रिकाम्या राहिल्या. त्या अकरा बिल्ल्यांना तिने आठ दिवस कुणाला हात लावू दिला नाही. खाणीचा मालक तेव्हा परदेशात राहायचा, आणि तो कसा दिसतो हेही कुणाला ठाऊक नव्हतं. कोळशातला वायू आधीच ओढून घेणारी भोकं पाडायचं यंत्र त्याने खर्च नको म्हणून बंद केलं होतं. त्यावर सभागृहात गाव जमलं, तेव्हा कुल्याश उठून उभी राहिली.

"खाण सरकारने घ्यावी," ती म्हणाली.

"आपा, सरकारी होती तेव्हा काय माणसं मेली नाहीत?" मागून कुणीतरी टोमणा मारला.

"मेली. माझा नवराही तेव्हा खाली जाकीट घेऊन जायचा, मी धुतलंय ते. पण तेव्हा मी साहेबाच्या दारात जाऊन त्याची आई-बहीण काढून आले होते. आता सांग, कुठल्या दारात जाऊ? दार दाखव, मी गप्प बसते."

बैठकांमागून बैठका झाल्या आणि अखेर ऑक्टोबरात खाण सरकारकडे आली. फाटकावर नवी पाटी लागली. कुल्याशने त्या दिवशी दिवाघरात सगळ्यांना बावरसाक, म्हणजे पिठाचे तळलेले गोळे, वाटले. आपलं म्हणणं खरं झालं याचा तिला मनापासून आनंद झाला होता, आणि तो तिने लपवला नाही.

दुसऱ्याच सकाळची पाळी. चोवीसजण रांगेत, सर्वांत पुढे तुकडीचा मुकादम म्हणून झांदोस. त्याने बिल्ला टाकला. तिने दिवा उचलला आणि तिचं लक्ष त्याच्या काखेकडे गेलं. अंगात एक जाकीट होतं, काखेत दुसरं. खाली घाम फुटतो, तिथे दोन जाकिटं कुणाला लागतात?

"ते दाखव."

"आपा, उशीर होतोय."

"दाखव म्हणते ना!"

त्याने ते खिडकीच्या फळीवर ठेवलं. ओलं होतं. तिने अस्तर उलटलं. सगळं अस्तर कोळशाच्या धुळीने काळं, पण मधोमध तळहाताएवढा चौकोन कोरा राहिलेला. असला चौकोन तिने पूर्वी नवऱ्याच्या जाकिटावर कैकदा साबणाने घासला होता. वायू वाढला की वीज तोडणाऱ्या डबीवर ओलं जाकीट बांधलं की डबीला वायू कळत नाही, वीज तुटत नाही, कोळसा वाहणारा पट्टा चालू राहतो आणि कोळसा निघत राहतो.

"अरे, आता कुणासाठी? मालक तर गेला."

"उद्या राजधानीतून पाहुणे येणारेत," झांदोस खालच्या आवाजात म्हणाला. "नव्या संचालकांना पहिल्याच दिवशी विक्रम दाखवायचाय. आणि आपली खाण आहे ना आता? आपल्या खाणीसाठी एवढं नको करायला?"

कुल्याशने दिवा मागे घेतला, जाकीट आत ओढलं, खिडकीची लाकडी झडप खाली ओढली आणि आतून कडी घातली.

बाहेर गलका झाला. कुणी झडपेवर बुक्क्या मारल्या, कुणी हसलं. झांदोस ओरडला, "आपा, माझी इज्जत घालवू नकोस!" ती कडी धरून उभी राहिली. नोकरी गेली तर निवृत्तिवेतनही जाईल, हे तिला माहीत होतं. त्या अकरा खुंट्यांकडे मात्र तिने एकदा पाहिलं आणि पुन्हा पाहण्याची हिंमत झाली नाही.

पंधरा मिनिटांनी संचालक सापारोव स्वतः धावत आले. "बाई, झडप उघडा! ही सरकारी मालमत्ता आहे."

"म्हणूनच बंद केलीय. खाली वायू किती आहे?"

"प्रमाणात आहे."

"मग जाकीट कशाला?"



झडप वर गेली. कुल्याशने एक दिवा फळीवर ठेवला. "परदेशातल्या मालकाला मी हे सांगू शकले नाही. तुम्ही समोर आहात, तुम्हाला सांगते. झांदोस वर राहील, माझ्याकडे, जाकिटासकट. त्याच्या जागी तुम्ही उतरा. डबी उघडीच राहील. बिल्ला टाका."

"तुम्ही मला हुकूम देणार?"

"खाण लोकांची झाली असं काल तुम्हीच भाषणात म्हणालात ना? मग मी कोण आहे?"

रांगेत कुणीतरी खाकरलं. सापारोव यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं आणि काय वाटलं कोण जाणे, खिसे चाचपून बिल्ला काढला. त्यांना दिवा कपाळावर नीट बांधता येईना, तेव्हा कुल्याशनेच पट्टा आवळला.

पिंजरा खाली गेला. झांदोस दिवाघराच्या कोपऱ्यात पाठ फिरवून बसला होता. तिने त्याच्यापुढे दुधाचा चहा ठेवला. तो तसाच निवला. तिची नजर खुंट्यांवरून हटत नव्हती.

तास झाला असेल नसेल, अन् खालून येणाऱ्या कोळशाच्या पट्ट्याची घरघर एकदम थांबली. डबीने वीज तोडली होती. झांदोस ताडकन उठला. "आपा... एवढ्यात?" एवढंच तो म्हणाला.

पिंजऱ्याची घंटा वाजली, मग पुन्हा वाजली. पहिले सापारोव आले, घामाने निथळत. त्यांनी दिवा फळीवर ठेवला. "भोकं पाडायचं यंत्र आज चालू करतो," ते म्हणाले. "पाहुण्यांना काय सांगायचं ते बघू."

त्यानंतर त्या दिवशी खाणीतून कोळशाचा एक खडाही वर आला नाही. कुल्याशने खुंट्या मोजल्या, पुन्हा मोजल्या. दिवे चोवीसच्या चोवीस होते. मग ओलं जाकीट पिळून ती दिवाघराची फरशी पुसायला बसली, आणि झांदोसने न सांगता बादली भरून आणली.