ब्रदर मॉरसचा झगा

“कापायचा नाही!” ब्रदर मॉरसनी टेबलावरच्या काळ्या झग्यावर तळहात दाबून धरला. माझी कात्री हवेतच राहिली.

“मग घालायचाही नाही,” सिस्टर लिली म्हणाल्या. “परवा व्हरांड्यात पाय अडकून पडलात. रविवारी शर्ट-पँट घालून चला.”

ब्रदर मॉरस बेनेडिक्टाइन. म्हणजे एका मठात व्रत घेऊन जन्मभर तिथेच राहणारे ख्रिस्ती साधू. त्यांचा मठ बेंगळुरूच्या बाहेर होता. प्रार्थना करायची, गायी पाळायच्या, पाव भाजायचा. झगे आमच्या चामराजपेटच्या दुकानात माझे सासरे शिवायचे. पुढे नवीन माणसे येईनाशी झाली, जुनी वारली, उरलेल्यांना दुसऱ्या मठांत पाठवले. जमिनीवर आता अपार्टमेंट आहे. ब्रदर तेवढे इथे राहिले, सिस्टर लिली बघतात त्या वृद्धाश्रमात. रविवारी त्या जुन्या जागेवर मठाच्या आठवणीची प्रार्थना होती. तिथे झगा घालून जायचे, एवढेच ब्रदरना हवे होते.

दुकान आता माझे दीर चालवतात. गिऱ्हाइकाशी बोलणे त्यांचे, मशीन माझे.

“ब्रदर, वयानं माणूस आखडतो. चार बोटं कापली तर काय बिघडतं?” भावजींनी विचारले.

“अण्णा, झगा माझा नाही, मठाचा आहे. माझ्याआधी तो एका उंच ब्रदरचा होता. आम्ही कापत नाही, दुमडतो. नंतरचा उंच निघाला तर?”

“नंतरचा कोण, ब्रदर?” सिस्टर हळूच म्हणाल्या.

 ब्रदरनी झग्यावरचा हात काढला नाही.

मी कात्री ठेवली आणि खालचा काठ आत दुमडून टाचला. ट्रायल घेतली. ब्रदर आरशासमोर उभे राहिले. झगा घोट्याच्या वर, सगळीकडे सारखा.

“सरी, झालं! पॅक करा वहिनी,” भावजी म्हणाले.

मला ते पटेना. उभा तर माणूस फोटोतही असतो. मी खाली बघतच विचारले, “ब्रदर, प्रार्थनेत तुम्ही काय काय करता?”

“वाकतो.”

“वाकून दाखवा ना.”

ते कमरेतून खोल वाकले, हात गुडघ्यांवर ठेवून. पाठ आडवी झाली तशी झग्याची पुढची बाजू खाली लोळली. उठताना त्यावरच पाय पडला. भावजींनी धरले म्हणून बरे.

“बस झालं!” सिस्टर उठल्याच. “शर्ट-पँट.”

ब्रदर मुकाट्याने झगा काढायला लागले. ते बघून माझे तोंड उघडले.

“सिस्टर, स्वल्प थांबा. चहा येईपर्यंत द्या मला.”

“वहिनी, अर्जंट ब्लाउज पडलेत,” भावजी पुटपुटले.

“पडू देत.”

कापड खालून उचलून भागणार नव्हते, कमरेत उचलायला हवे होते. झग्यावर ब्रदर चामड्याचा पट्टा बांधतात. त्यावर स्कॅप्युलर येतो, म्हणजे खांद्यांवरून पुढे-मागे पायांपर्यंत सोडलेली काळी पट्टी. तिच्याखाली काय आहे ते कुणाला दिसत नाही. मी खालची टाचणी सोडली. पट्ट्याच्या जागी आडवी चूण घेतली, पुढे जास्त, मागे कमी. मशीन लावले नाही. हाताने लांब टाके घातले, दोरा ओढला की मोकळे होतील असे.

“आता वाका.”

ब्रदर वाकले. झगा जमिनीला लागला नाही. सिस्टरांनी त्यांना पुन्हा वाकायला लावले. मग म्हणाल्या, “आणखी एकदा.”

“सिस्टर, एवढं तर मठातही कुणी वाकवलं नाही,” ब्रदर म्हणाले.

रविवारी सिस्टर मलाही घेऊन गेल्या, सुईदोरा पिशवीत घालून. स्विमिंग पूलपाशी ब्रदर थांबले. “इथं आमचा गोठा होता,” त्यांनी तिथे पोहणाऱ्या एका बाईला सांगितले. ती लगेच पाण्याबाहेर आली. मठाच्या चर्चच्या जागी पार्किंग होते. दोन गाड्या हलवून प्रार्थनेचे टेबल मांडले होते. ब्रदर चालत गेले, टेबलापुढे पूर्ण वाकले आणि आपले आपण उठले. सिस्टरांनी धरायला पुढे केलेला हात तसाच मागे घेतला.

सोमवारी भावजी म्हणाले, “वहिनी, बोर्डावर लिहू का, साधूंचे झगे अल्टर करून मिळतील?”

“लिहा. गिऱ्हाईक कुठून आणणार?”

त्यांनी लिहिले नाही. पण आमच्या ट्रायलमध्ये एक फरक झाला. आता गिऱ्हाइकाला मी नुसते उभे करत नाही. नाचणारीला नाचून दाखवायला सांगते, स्कूटरवालीला स्टुलावर बसवते. वेळ जातो, भावजी कुरकुरतात. कपडा मात्र दुरुस्तीला परत येत नाही.