पाहुण्यांचा तांब्या

आमच्या घरी उतरंडीशेजारी एक पितळी तांब्या भरून, झाकून ठेवलेला असे. तो पाहुण्यांचा. आम्ही भावंडांनी त्याला हात लावायचा नाही. शिरूर अनंतपाळच्या बाजूला आमचं गाव. दुष्काळात विहीर आटली की आई तळाशी उतरायची आणि झिऱ्यातलं पाणी वाटीनं घागरीत भरायची. एका घागरीला सकाळ जायची. धाकटा भाऊ तहानेनं रडला तर आई आपल्या वाटणीचं पाणी त्याला पाजायची, पण तो तांब्या उघडायची नाही. "दारी कुणी आलं तर काय तोंड दाखवावं?" एवढंच म्हणायची.

लातूर जिल्हा वेगळा झाला आणि वडील आम्हाला घेऊन लातुरात आले. आडत बाजारात त्यांना हमाली मिळाली. मी कॉलेजात गेले, बी.ए. झाले. आमच्या खानदानात कॉलेज शिकलेली मी पहिली. हे मी आजही सांगते, आणि हळू आवाजात सांगत नाही.

नगरपालिकेत पाणी प्रकल्पाची एक शाखा निघाली, तिथं मला सर्वेक्षणाचं काम मिळालं. नवा जिल्हा म्हणजे नव्या कचेऱ्या, नवी कॉलेजं आणि चहूकडून येणारी माणसं. गाव दिवसागणिक पसरत होतं, नळ मात्र होते तेवढेच. त्यात पाऊस रुसलेला. अशा वेळी परदेशातल्या एका संस्थेनं लातूर, नांदेडसारख्या वाढत्या गावांच्या पाण्यासाठी मदत द्यायचं कबूल केलं. एका नळाचा निर्णय तेव्हा चार ठिकाणी व्हायचा: लातूर, मुंबई, दिल्ली आणि समुद्रापलीकडे. आमचं म्हणणं तिकडे पोचेपर्यंत त्याचं इंग्रजी व्हायचं, मग आकडे व्हायचे, मग तक्ता.

संस्थेची अट सरळ होती. टंचाई जिथं जास्त, तिथं पाइप आधी. कामाचे दोन टप्पे, त्यांना फेज म्हणायचे. पहिल्या फेजमध्ये नाव आलं म्हणजे पाणी. दुसऱ्या फेजमध्ये आलं म्हणजे बघू. आणि कुठल्या वस्तीला कुठली फेज, हे ठरवायला मिशन यायचं. मिशन म्हणजे संस्थेची पाहणी करणारी माणसं; त्याचा चर्चशी काही संबंध नाही. वडिलांना हे शेवटपर्यंत पटलं नाही.

पहिल्या फेजसाठी आमची सगळी आशा महादेवनगरवर होती. गावाबाहेर वसलेली नवी वस्ती. छोटे दुकानदार, हमाल, शेती सोडून आलेली माणसं. तिथं टँकर यायचा तो मर्जीनं. बायका रेल्वे लाइनीपलीकडच्या एका बोअरवर जायच्या. माझ्या सर्वेक्षणात ही वस्ती सगळ्यात तहानलेली निघाली होती. मिशन स्वतः डोळ्यांनी पाहून शिक्का मारणार, एवढंच बाकी होतं.

आमचे इंजिनिअर बिराजदारसाहेब मला म्हणाले, वस्तीत निरोप देऊन ये, बायकांनी घरी थांबावं. मी महानंदाकाकूंकडे गेले. त्यांचं घरातच किराणा दुकान होतं, आणि वस्तीतल्या बायका त्यांचं ऐकायच्या. 'शरणार्थ' असा नमस्कार करून ओट्यावर बसले. परदेशातून पाहुणे येणार आहेत, पाणी किती मिळतं ते विचारतील, जे आहे ते सांगा, असं सांगितलं. काकूंनी त्यातलं 'पाहुणे येणार' एवढंच धरलं.

मिशनच्या प्रमुख होत्या हेल्गाबाई. उंच, पिकल्या केसांच्या, पायात जाड बूट. बरोबर दिल्लीचे एक अधिकारी. आमची जीप महादेवनगरात शिरली. सगळ्या गल्लीला सडा घातलेला. दारोदार रांगोळी. प्रत्येक उंबऱ्याशी चिंचेनं घासलेल्या घागरी, काठोकाठ भरलेल्या. उन्हात नुसत्या झळकत होत्या.

पहिल्याच घरात गूळपाणी आलं. आमच्याकडे चहाच्या आधी गूळ आणि पाणी देतात. ते नाकारणं म्हणजे घर नाकारणं. हेल्गाबाईंनी घेतलं. पुढच्या घरी पुन्हा. त्याच्या पुढच्या घरी पुन्हा. काकूंच्या ओट्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं, तुम्हाला पाणी पुरतं का? मी मराठीत विचारलं.

"हाय की," काकू म्हणाल्या. "महादेवाच्या किरपेनं भागतंय."

मी इंग्रजी करायच्या आधी पुन्हा विचारलं, काकू, खरं सांगा. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मला आईच आठवली. मग मी जे ऐकलं तेच इंग्रजीत सांगितलं. दुभाष्याला दुसरं काही करता येत नाही.

रेस्ट हाउसवर बैठक झाली. हेल्गाबाई मोकळेपणानं बोलल्या. लोक फार चांगले आहेत, पण तुमचा सर्वे आणि मी पाहिलेली वस्ती जुळत नाही. रस्ते ओले आहेत, भांडी भरलेली आहेत, बायका स्वतः पुरतं म्हणतात. ही वस्ती मला दुसऱ्या फेजला टाकावी लागेल. दिल्लीचे अधिकारी लगेच मान डोलवून मोकळे झाले. बिराजदारसाहेब छताच्या पंख्याकडे बघत राहिले.

मला बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. तरी मी बोलले. म्हणाले, बाई, तुम्ही पाहिलात तो आमचा पाहुणचार होता. त्या बायकांनी टँकरचं पाणी तुमच्यासाठी राखून ठेवलं. अंघोळी केल्या नाहीत, कपडे धुतले नाहीत. जे होतं नव्हतं ते तुमच्यापुढे मांडलं. पाहुण्यापुढे रिकामी घागर ठेवणं आमच्यात अपशकुन मानतात.

त्यांनी नीट ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "सुमन, मी तुझ्यावर विश्वास ठेवते. पण हे मी अहवालात कसं लिहू?"

प्रश्न चुकीचा नव्हता. त्यांच्या वरही साहेब होते. स्वतः पाहिलं आणि वस्तीतल्यांनी सांगितलं तेच लिहायचं, मधल्या माणसाकडून ऐकलं ते नाही, असा त्यांचा नियम.

मी म्हटलं, उद्या पुन्हा चला, न सांगता. त्या म्हणाल्या, उद्या सकाळी नांदेडला निघायचं ठरलंय. दिल्लीचे अधिकारी म्हणाले, कार्यक्रम बदलता येणार नाही. तेव्हा बिराजदारसाहेबांनी पंख्यावरची नजर खाली आणली. "कार्यक्रम कोण बदलतंय?" ते म्हणाले. "नांदेडला जाताना जीप महादेवनगरावरून काढू. रस्ता काय, कुठूनही जातो."

सकाळी गल्ली कोरडी होती. रांगोळी पावलांनी पुसली गेलेली. उंबऱ्यावरच्या घागरी नव्हत्या. त्या घेऊन बायका बोअरकडे गेल्या होत्या. काकू घरीच होत्या. कालच्या पातळातच. आम्हाला पाहताच त्या उठल्या आणि पदर सावरत दारात आडव्या उभ्या राहिल्या. आत बोलावलं नाही. महानंदाकाकूंनी कुणाला दारातून परत पाठवलं, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

मला कळत होतं की आता काय करावं लागणार. आणि ते काकूंच्या मनाला किती लागणार, तेही कळत होतं. वस्तीचं नाव कुठल्या फेजमध्ये जाणार ते त्या दारात ठरणार होतं. मी हेल्गाबाईंना इंग्रजीत म्हणाले, "तुम्ही प्यायला पाणी मागा. तुम्हीच मागा, मी नाही."

त्यांना काल ऐकलेल्या दोन-तीन मराठी शब्दांतला एक येत होता. त्या काकूंकडे पाहून म्हणाल्या, "पाणी."

काकू माझ्याकडे वळल्या. "पोरी, तुला ठावं होतं," त्या हळू म्हणाल्या. "तरी घिऊन आलीस."

"हाव, काकू," मी म्हणाले. "तुमच्या तोंडून ऐकल्याबिगर नळ येत नाही."

त्या आत गेल्या. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आल्या तेव्हा उजव्या हातात गुळाचा खडा होता. डावा हात रिकामा. त्यांनी तो खडा हेल्गाबाईंच्या तळहातावर ठेवला आणि मान ताठ ठेवून म्हणाल्या, "पाणी न्हाई. घरात पाणी न्हाई."

मी इंग्रजी केलं नाही. गरज पडली नाही. हेल्गाबाई तो खडा हातात घेऊन उभ्या राहिल्या. मग तिथंच गल्लीत, जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून त्यांनी लिहायला घेतलं. गूळ त्यांनी तोंडात टाकला तो गाडी निघाल्यावर. तो वितळायच्या आत पाणी प्यावंसं वाटतं, हे आमच्याकडे लहान पोरालाही माहीत आहे.  पाण्याचा थर्मास जवळ होता, पण नांदेडच्या रस्त्यावर बऱ्याच लांबपर्यंत बाईंनी तो उघडला नाही.

महादेवनगरचं नाव पहिल्या फेजमध्ये राहिलं. पुढे त्या संस्थेनं सगळ्याच गावांसाठी नियम केला की पाहणी दोनदा करायची, एकदा कळवून आणि एकदा न कळवता. या नियमाचं मूळ आमच्या एका वस्तीत आहे, हे त्यांच्या कुठल्याही कागदावर नाही. मला माहीत आहे, तेवढं पुरे.

काकू माझ्याशी बोलेनाशा झाल्या. वस्तीत खोदकाम सुरू झालं, मी रोज त्यांच्या दारावरून जायचे. त्या दुकानात तराजूकडे बघायच्या. मी शरणार्थ म्हणायचे. उत्तर यायचं नाही. मी राग मानला नाही. आईच्या तांब्यावरचं झाकण कुणी चारचौघांत काढलं असतं, तर तिनंही हेच केलं असतं.

कामाच्या पुढच्या वर्षांत मी अनेक गावं पाहिली. एक गोष्ट शिकले. लोकांची अडचण मोजायला जाताना आधी निरोप धाडू नये. निरोप गेला की लोक तुम्हाला मान देतात, आणि तक्त्यात मानाचा रकाना नसतो.

टाकी भरून चाचणी झाली त्या दिवशी नळ आधी फसफसला, मग लाल पाणी आलं, मग स्वच्छ. मी गल्लीच्या टोकाला व्हॉल्व्हजवळ उभी होते. काकूंनी दारातून हाक मारली. ओट्यावर बसवलं. एका वाटीत गूळ, आणि शेजारी काठोकाठ भरलेला तांब्या.

"पी," म्हणाल्या. "सगळा पी. आज मोजायचं न्हाई."

मी सगळा प्याले. महादेवनगरच्या प्रत्येक घराला नळ मिळाला.