पालथा ग्लास

तुझं आवडतं ठिकाण कोणतं, असं इथल्या ओळखीच्या बायकांनी विचारलं की मी लायब्ररी म्हणून सांगते. ते खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. मला पब आवडतात. भिंतभर टीव्ही लावलेले नवे चकचकीत नव्हेत. जुने, लाकडी, जिथे दुपारी चारला खिडकीतून तिरपं ऊन आत येतं आणि बारच्या फळीवर माणसांची कोपरं टेकून टेकून गुळगुळीत झालेली जागा त्यात चमकते, असे. मी गेली बरीच वर्षं शॉमबर्गला राहते, एका ऑफिसात डेटाबेस सांभाळते, आणि माझा नवरा दारूच्या थेंबालाही शिवत नाही. त्यामुळे प्यायचं मी आणि गाडी चालवायची त्याने. लग्न का टिकतात याची कारणं लोक उगीच लांब शोधत बसतात.

मी मूळची अमरावतीची. आमच्या शाळेच्या वाटेवर एक गुत्ता होता. त्याच्या दाराला निळा, अर्धाच पडदा. पडद्याखालून फक्त पाय दिसायचे. तिथून जाताना आई माझा हात घट्ट धरायची आणि चालण्याचा वेग वाढवायची. त्या पायांच्या वर काय चालत असेल, हा प्रश्न मला फार वर्षं पडलेला होता. इथे येऊन पडदा बाजूला केला, तर आत माणसं तळलेले मासे खात बसलेली.

मासे म्हणजे शुक्रवारचे. आमच्या घरापासून दोन तास उत्तरेला, विस्कॉन्सिनच्या मक्याच्या शेतांमध्ये चार रस्ते मिळतात तिथे एक बैठा, पांढरा रंग दिलेला पब आहे. शेजारी चर्च, मागे गायींचा एक रिकामा गोठा. दर शुक्रवारी तिथे मासे तळायची जुनी रीत आहे आणि आसपासचे शेतकरी संध्याकाळी पाचच्या आत येऊन टेबलं धरतात. उशिरा येईल त्याला कोबीची कोशिंबीर तेवढी मिळते. शुक्रवारी मी घरूनच काम करायचे, त्यामुळे अडीचला लॅपटॉप मिटून आम्ही निघायचो.

तिथलं माझं पेय ठरलेलं. साखर, संत्र्याची फोड आणि चेरी ग्लासात ठेचायची, वरून ब्रँडी आणि सोडा. संत्र्याच्या मुलखात वाढलेल्या मला ते संत्रं ठेचताना बघवत नाही. वरुड-मोर्शीच्या संत्र्यापुढे ते तसं काहीच नाही, पण ब्रँडीत पडलं की खपून जातं. बार सांभाळणारी बाई साठीची, रुंद, कमी बोलणारी. तिसऱ्या खेपेला तिने मला फक्त "सेम?" एवढंच विचारलं. या देशात नागरिक झाले तेव्हाही मला इतकं इथलं झाल्यासारखं वाटलं नव्हतं. नवरा शेजारी बसून आल्याचा सोडा प्यायचा आणि माझ्या वाटचे मासेही संपवायचा.

मग एका शुक्रवारी माझ्या अतिशहाणपणाने घात केला.

त्या दिवशी फळीच्या टोकाच्या स्टुलावर नेहमीचा म्हातारा होता. हिरवी टोपी, जाड बोटं, निवृत्त झालेला गोठेवाला. तोवर आमची ओळख मान हलवण्यापुरती होती. माशांबरोबर तिथे किसलेल्या बटाट्याची धिरडी देतात, सफरचंदाच्या गोड गरासोबत. त्याने माझ्या ताटलीकडे बघून विचारलं, आवडलं का? साधं "हो" म्हणून मोकळं व्हावं की नाही? मी त्याला सांगितलं, की बटाटा किसून घट्ट पिळायला हवा, पाणी राहिलं की धिरडं गिळगिळीत होतं. आणि कांद्याशिवाय याला चव नाही. तो म्हणाला, "माझी बायको कांदा घालायची. एप्रिलमध्ये गेली ती." मी "सॉरी" म्हटलं आणि खाली बघून खात राहिले. परक्याच्या दुःखापुढे काय बोलावं, ते मला मराठीतही सुचत नाही.

पाच मिनिटांनी बारवाली आली. तिने माझ्यासमोर एक छोटा, रिकामा ग्लास पालथा ठेवला आणि काही न बोलता निघून गेली.

आमच्या घरी आई रात्रीची भांडी घासून ओट्यावर पालथी घालायची. भांडी पालथी झाली की स्वयंपाकघर बंद. मग बाहेरून राजा आला तरी त्याला पाणीसुद्धा बाहेरच्या माठातलं मिळायचं. पालथं भांडं म्हणजे संपलं, उठा आता, हे माझ्या हाडात मुरलेलं. मी डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. दुसऱ्या कुणापुढेही पालथा ग्लास नव्हता. त्या खोलीत माझ्या रंगाची माणसं दोनच, मी आणि नवरा. टोकाला तो म्हातारा माझ्याकडेच बघत होता आणि त्याने दोन बोटं टोपीला लावली. मला वाटलं, हा निरोप देतोय. आपल्या पदार्थाला नावं ठेवणाऱ्या बाईला इथून काढा, असं यानेच सांगितलं असणार.

"चल," मी नवऱ्याला म्हटलं.

"अगं, काय झालं?"

"दिसत नाही का? जा म्हणतायत."

"एकदा विचारून तरी बघ ना."

"विचारून आणखी अपमान करून घेऊ?"

मी तो ग्लास दोन बोटांनी पुढे सरकवला, फळीच्या पलीकडच्या कडेपर्यंत, आणि उठले. म्हाताऱ्याच्या समोरून जाताना त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. परतीच्या दोन तासांत नवरा एकच वाक्य बोलला, "माझा अर्धा मासा तिथेच राहिला."

त्यानंतर आम्ही तिकडे गेलो नाही. मी राग धरला की चांगला मुरवते, लोणच्यासारखा. इतक्या वर्षांत इथे दोन-चार वेळा खरोखरच कुणी कुणी मला दार दाखवलं होतं, त्यात हेही जाऊन बसलं. दुधाने तोंड पोळलेल्या माणसाला ताक वेगळं ओळखता येत नाही. बाकीचे शुक्रवार मी घरीच काढले. नवऱ्याने मासे तळून बघितले आणि आठवडाभर घराला वास राहिला.

पुढच्या वसंतात मी मुलीकडे जर्सी सिटीला गेले. ती एका उंच इमारतीत राहते. खाली कोपऱ्यावर विटांचा एक जुना पब आहे, पत्र्याचं नक्षीदार छत, खिडकीपाशी समोरासमोर दोन बाकं. हा माझा शहरातला आवडता. दुपारी तीनला तिथे पेपर वाचणारे दोघे-तिघे, फळीवर झोपलेलं मांजर, आणि कुणाला कसलीही घाई नाही. आम्ही खिडकीत बसलो होतो. एक पोस्टमन आत आला, पिशवी उतरवली, बिअर मागितली. थोड्या वेळाने बारवाल्याने त्याच्यापुढे छोटा ग्लास पालथा ठेवला. मला त्या पोस्टमनची कीव आली. तो मात्र हसला आणि पलीकडच्या पेपरवाल्याकडे बघून त्याने हात वर केला.

"याला का घालवतायत?" मी मुलीला विचारलं.

"घालवतायत? नो आई, समबडी बॉट हिम अ ड्रिंक. त्याचं हे संपलं की नेक्स्टवाला मिळणार. ग्लास इज लाइक अ टोकन."

मी तिला विस्कॉन्सिनचं सांगितलं.

"यू पुश्ड इट बॅक? आई, दॅट्स सो रूड."

मला लाज वाटली. नुसती चूक झाल्याची नाही. नुकतीच बायको गेलेल्या माणसाने माझ्यासाठी काहीतरी मागवलं होतं आणि मी ते सगळ्यांच्या देखत परत ढकललं होतं, याची. आता माफी मागायची तर त्या म्हाताऱ्याचं नावही मला माहीत नव्हतं. तो आहे की नाही, तेही माहीत नव्हतं.

शॉमबर्गला परतल्यावर पहिल्याच शुक्रवारी आम्ही अडीचला निघालो. नवरा जिंकल्यासारखं काही बोलला नाही, हे त्याचे उपकारच. पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. टोकाचं स्टूल रिकामं. बारवालीने मला पाहिलं, पण "सेम?" म्हणाली नाही. मी फळीशी उभी राहूनच तिला सगळं सांगितलं. आईचा ओटा, पालथी भांडी, सगळं. ती हातातलं फडकं थांबवून ऐकत होती.

"त्याला वाटलं, बायकोबद्दल बोलला म्हणून तू उठून गेलीस," ती म्हणाली. "त्यानंतर तो तिच्याबद्दल इथे कुणाशीच बोललेला नाही."

मग तिने हनुवटीने भिंतीतल्या शेकोटीजवळच्या टेबलाकडे खूण केली. हिरवी टोपी. आता तो फळीशी बसत नव्हता.

मी म्हटलं, त्याला माझ्याकडून एक दे. ती म्हणाली, हिवाळ्यापासून डॉक्टरने त्याची दारू बंद केलीय. तरीही दे, मी म्हटलं. तिने एक छोटा ग्लास नेला आणि त्याच्या टेबलावर पालथा ठेवला. त्याने ग्लासाकडे पाहिलं, मग वळून माझ्याकडे. मी दोन बोटं कपाळाला लावली. माझ्याकडे टोपी नव्हती.

तो उठून आला, यायला त्याला वेळ लागला. पालथा ग्लास तसाच हातात धरून आणला आणि आमच्या मधोमध फळीवर पालथाच ठेवला. मी माफी मागायला लागले, तर त्याने ती अर्ध्यातच थांबवली. बारवालीला म्हणाला, "हिचं जुनं देऊन टाक आधी." तिने मागच्या फळीवरून, गल्ल्याच्या शेजारून, माझा जुना ग्लास काढला. इतके महिने तो तिथेच होता. दिलेलं ड्रिंक परत घेता येत नाही, एवढंच ती म्हणाली आणि संत्रं ठेचायला लागली. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवले नाहीत.

"त्या दिवशी तुला एक विचारायचं होतं," म्हातारा म्हणाला. "म्हणून मागवलं होतं, तू थोडी थांबावीस म्हणून. तिने काही लिहून ठेवलं नाही. कांदा किसून घालायचा, की चिरून?"

"किसून," मी म्हटलं. "बटाट्याबरोबरच किसायचा, आणि दोन्ही एकत्र पिळायचं. चिरून घातला तर धिरडं तव्यावर तुटून येतं."

त्याने तो पालथा ग्लास बोटाने फळीवर थोडा फिरवला.

"माझी तुटूनच येतायत," तो म्हणाला. "वर्षभर."