वायरमन भाऊजींचं बिनवायरचं काम

माझे धाकटे दीर जन्माचे वायरमन. नोकरी संपली तरी टेस्टर कानामागेच असतो, आणि एखादे वेळी सही करायला म्हणून तोच काढतात. जिथे वायर तिथे काम, यावर त्यांची श्रद्धा. रिमोटवर चालणाऱ्या वस्तूकडे ते, न विचारता घरात शिरलेल्या माणसाकडे बघावं, तसे बघतात.

त्यांच्याकडे एक जुना लॅपटॉप आहे. भंगारात निघाला होता, माझ्या नातीने त्यात लिनक्स घालून दिलं. लिनक्स म्हणजे काय ते मला विचारू नका. म्हाताऱ्या यंत्राला पचेल असं हलकं जेवण, एवढं मला कळलं. त्यावर भाऊजी संध्याकाळी जुन्या दोस्ताशी बुद्धिबळ खेळतात. इंटरनेटचा डबा बाहेरच्या खोलीत आणि बुद्धिबळ आतल्या पलंगावर, कारण खुर्चीत म्हणे पाठ धरते. मग मधून वायर, स्वयंपाकघरातून आडवी.

त्या वायरीत पाय अडकून माझी जाऊ पडली. घोट्यावर सूज आली आणि डोक्यात राग गेला. सूज उतरली, राग नाही. "जमिनीवर वायर आहे तोवर मी या घरात नाही," असं म्हणून ती लेकीकडे निघून गेली. भिंतीवरून नेतो म्हणाले, तर म्हणाली, "माझ्या भिंतीला खिळा लावून तर बघा."

भाऊजी माझ्याकडे जेवायला येऊ लागले. जेवताना गप्प असायचे. एरवी मीठ कमी-जास्त झालं तरी भाषण देणारा माणूस.

शेवटी मीच म्हटलं, "भाऊजी, तो लॅपटॉप बिनवायरचा करून टाका."

"वहिनी, पाईप नसताना नळाला पाणी येतं का?"

"नाही येत. पण वायर असताना बायकोही येत नाहीये."

त्या दुपारी आम्ही त्यांच्या घरी गेलो आणि भाऊजींनी गुमान नातीला फोन लावला. ती म्हणाली, "छोटे आजोबा, तुमच्या लॅपटॉपमध्ये वायफायचा तुकडा आहे, पण लिनक्सला तो ओळखता येत नाही. ओळख करून देणारा ड्रायव्हर इंटरनेटवरून घ्यावा लागेल. तेवढ्यापुरती वायर लावा."

भाऊजींचा चेहरा उजळला. "ऐकलंत वहिनी? बिनवायरच्या कामाला आधी वायरच."

ती एकेक अक्षर सांगत गेली आणि भाऊजी एका बोटाने दाबत गेले, प्रत्येक बटणाला शॉक आहे का बघावं तसे. पडद्यावर अक्षरं भराभर पळाली. "झालं," नात म्हणाली. "आता वायर काढा आणि लॅपटॉप बंद करून चालू करा."

भाऊजी बाहेरच्या खोलीत जाऊन आले, वायर काढली, लॅपटॉप पुन्हा चालू केला. शेजारपाजारची सगळी वायफायं दिसायला लागली. वरच्या दातांच्या डॉक्टरांचं, समोरच्या शिंप्याचं. आमचं तेवढं नाही.

"परक्यांना ओळखतोय आणि घरच्याला नाही," भाऊजी वैतागले.

"डब्यावरचा दिवा लागलाय का?" नातीने विचारलं.

"कसा लागेल? मी मेन स्विच बंद केलाय."

"का?"

"वायर काढायची होती ना. चालू लाइनीत हात घालू? जन्मभर दहाही बोटं शाबूत राहिली ती उगाच?"

"आजोबा, त्या वायरीत शॉक नसतो. आणि डब्याला वीज लागते."

"त्याला कशाला? तो बिनवायरचा ना?"

मी वर पंख्याकडे बघितलं. मघापासून पदराने वारा घेत बसले होते, मला वाटलं वीज गेली.

मेन चालू झाला, डबा लुकलुकला आणि आमचं नाव पडद्यावर आलं. पासवर्ड घातला, जोडलं गेलं. भाऊजींनी बुद्धिबळ उघडलं नाही. थेट जावेला व्हिडिओ कॉल लावला.

तिने कसे आहात वगैरे विचारलं नाही. "जमीन दाखवा," म्हणाली.

लॅपटॉप कडेवर घेऊन भाऊजी घरभर फिरले. स्वयंपाकघर दाखवलं. पलंगाखाली दाखवा म्हणाली, तर गुडघे धरत वाकले.

"ती कोणती लोंबतेय?"

"चार्जरची. म्हातारा आहे गं, तासातासाला पाजावं लागतं."

"काम झालं की गुंडाळाल?"

"गुंडाळतो."

"हं. आणि गाल का बसलेत? जाऊबाई जेवायला घालत नाहीत का?"

मी मागून म्हटलं, "घालते गं. पण मला ओरडता येत नाही तुझ्यासारखं, त्यामुळे अंगी लागत नाही."

ती हसली, आणि हसू आवरायच्या आधीच म्हणाली, "उद्या सकाळी न्यायला या."

"बरं," एवढंच बोलून भाऊजींनी लॅपटॉप माझ्या हातात दिला आणि चपला शोधायला लागले.

"अहो, उद्या म्हणाली ती," मी म्हटलं.