पिठाची पावलं

दुपारी डोळा लागला होता. उठले तर घर विचित्र गप्प. स्वयंपाकघरात तांदळाच्या पिठाचा डबा लवंडलेला, आणि तिथून इवलीशी पांढरी पावलं थेट भिंतीतल्या कपाटापर्यंत गेलेली. परतीचं एकही पाऊल नव्हतं. कपाटाचं दार लोटलेलं.

"मनू?" मी लेकीला हाक मारली. माझ्या अंगावर काटा आला. गेल्याच महिन्यात गौरी आणल्या, तेव्हा उंबऱ्यापासून मी अशीच पावलं काढली होती, फक्त आत येणारी. "कशाच्या पावलांनी आली?" असं जाऊबाईंनी रीतीप्रमाणे विचारलंही होतं. ही पोरगीही अशीच घरात आली. कुठून आली, कोण जाणे.

तेवढ्यात दाराआडून बारीक आवाज आला, "आई, विचार ना!"

मी विचारलं, "कशाच्या पावलांनी आली?"

"सोन्याच्या!" दार उघडलं. पापण्यांपर्यंत पांढरीफटक झालेली माझी लेक खिदळत होती. तिला उचलून घेतलं आणि मीही पिठात माखून हसत सुटले.

मग केरसुणी हातात घेतली. जाणारी पावलं आपल्याकडे कुणी काढत नाही. ती न काढताच जातात.

कपाटाकडे गेलेल्या पावलांची तेवढी वाट सोडून मी बाकीचं घर झाडलं.